नव्या यंत्रावर जुना खेळ का अडखळतो?

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाविषयी लिहायचे तर ते विज्ञान शाखेच्या मुलांनी लिहावे, असा आपल्याकडे एक समज आहे. आम्ही कला शाखेच्या मुलांनी कविता लिहाव्यात, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे. परंतु ज्या वस्तूशी आपला रोज संबंध येतो तिच्याविषयी कुतूहल वाटायला शाखेचे बंधन नसते. म्हणून या अंकासाठी मी एक साधा प्रश्न निवडला आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम आजच्या संगणकावर लावला, तर तो कित्येकदा पूर्वीपेक्षा हळू का चालतो?

प्रश्न वरवर विचित्र वाटेल. १९९८ च्या सुमारास घरगुती संगणकात ३२ किंवा ६४ मेगाबाइट मेमरी असे. आजच्या साध्या लॅपटॉपमध्ये ८ गिगाबाइट असते, म्हणजे ६४ मेगाबाइटच्या १२८ पट. प्रोसेसरचा वेगही त्याच प्रमाणात कुठल्या कुठे गेला आहे. दोन मण ओझे उचलणाऱ्या गड्याला शेरभर पीठ उचलताना धाप का लागावी? तरीही ती लागते. चित्रे अडखळतात, बाण दाबल्यावर सैनिक क्षणभराने हलतो, पाण्याच्या लाटा थांबत थांबत वाहतात. याची कारणे समजून घेताना मला जे सापडले ते माझ्यासारख्याच बिगर-विज्ञानवाल्या वाचकांसाठी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. एके काळी तक्रार नेमकी उलट होती. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. त्या वेळचे कित्येक खेळ याच वेगावर बेतलेले होते. खेळ लिहिणारा मनाशी हिशेब करी, की अमुक इतके आकडे मोजायला यंत्राला अमुक वेळ लागतो. तेवढे मोजून झाले की पुढचे चित्र दाखवायचे. पुढे दुप्पट-चौपट वेगाची यंत्रे आली आणि हेच आकडे ती डोळ्याचे पाते लवण्याआत मोजू लागली. खेळ सुरू होतो न होतो तोच संपू लागला. यावर उपाय म्हणून संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे एक बटण आले. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मुद्दाम मंद करण्यासाठी होई.

याहून गमतीचे उदाहरण जपानमधील आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात पडद्यावर शत्रूंची रांग असते आणि एकेक शत्रू मरत गेला की उरलेले अधिकाधिक वेगाने चाल करून येतात. हा वेग मुळात कोणी ठरवलेला नव्हता. त्या यंत्राला सगळे शत्रू काढताना दमछाक होई. शत्रू कमी झाले की तेवढेच काम लवकर उरके आणि खेळ आपोआप वेगवान होई. निशिकादो यांनी ते तसेच ठेवले, आणि शेवटी शेवटी छातीत धडधड वाढवणारा तो वेगच खेळाची ओळख बनला.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. खेळ म्हणजे तबकडीवर लिहिलेल्या आज्ञा एवढेच नव्हे. ज्या यंत्रावर तो चालायचा त्या यंत्राविषयी काही गोष्टी त्याने गृहीत धरलेल्या असतात आणि त्या कुठेही लिहून ठेवलेल्या नसतात. यंत्र बदलले की ही गृहीतके उघडी पडतात. कधी खेळ पळत सुटतो, कधी रखडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकातील यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये एक व्यवस्थापक असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हे त्याचे आपल्या परिचयाचे नाव. विंडोजच्या आधी डॉस नावाची पद्धत होती. डॉसमध्ये व्यवस्थापकाचा दरारा फारसा नव्हता. खेळ थेट आत शिरे, पडद्याच्या मेमरीत स्वतःच्या हाताने रंग भरी आणि बाहेर येई. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हा खेळ लिहिणारे तिकडे जायला नाखूष होते. प्रत्येक ठिपका काढण्यासाठी साहेबाची परवानगी मागायची, तर खेळ चालायचा कसा? ही अडचण ओळखून मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी डायरेक्टएक्स नावाची सोय दिली. तिचा एक भाग म्हणजे डायरेक्टड्रॉ. त्याद्वारे खेळाला सगळा पडदा आपल्या ताब्यात घेता येई आणि ग्राफिक कार्डाच्या मेमरीत जवळजवळ थेट चित्र काढता येई. मागच्या दाराने आत जाण्याची ती अधिकृत मुभाच होती.

'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७), 'स्टारक्राफ्ट' (१९९८), 'डायब्लो २' (२०००) हे गाजलेले खेळ या काळातले. त्यांची रंगांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ते एका वेळी फक्त २५६ रंग वापरीत. ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण ३,०७,२०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी पूर्ण रंगाचे वर्णन साठवायचे तर चौपट जागा लागे. त्याऐवजी २५६ रंगांची एक यादी करायची आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी यादीतला क्रमांक तेवढा लिहायचा. भिंतीवर रंग देण्याऐवजी '१७ नंबरचा निळा' अशी खूण करून ठेवावी, तसे. याचा आणखी एक फायदा होता. यादीतले निळे रंग एकमेकांत फिरवले की एकही ठिपका न बदलता नदीचे पाणी वाहताना दिसे. तुटपुंज्या सामग्रीत संसार करणाऱ्या गृहिणीची ही हुशारी होती.

पुढे व्यवस्थापकाचा कारभार बदलला. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा विक्रीस आले. त्यात प्रत्येक कार्यक्रमाने आपले चित्र थेट पडद्यावर न काढता स्वतःच्या वेगळ्या कागदावर काढायचे, आणि मग एका मध्यवर्ती कार्यक्रमाने हे सगळे कागद गोळा करून, एकावर एक रचून, पडद्यावर दाखवायचे अशी पद्धत आली. खिडक्यांना सावल्या, पारदर्शक कडा ही सजावट त्यामुळेच शक्य झाली. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये ही पद्धत हवी तर बंद करता येई. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती कायमची झाली. त्याचबरोबर २५६ रंगांची जुनी पद्धतही खऱ्या अर्थाने उरली नाही. जुन्या खेळाला ती आहे असे भासवले जाते, आणि पडद्यामागे त्याच्या प्रत्येक क्रमांकाचे आजच्या रंगात रूपांतर केले जाते.

हे रूपांतर एकटे फार महाग नाही. आजचा प्रोसेसर ते सहज करील. खरा वेळ जातो तो येरझाऱ्यांत. जुना खेळ समजतो की पडद्याची मेमरी आपल्या हाताशी आहे. तो तीत थोडे लिहितो, लिहिलेले परत वाचतो, पुन्हा थोडे बदलतो. आजच्या ग्राफिक कार्डाला भरपूर काम एकदम सोपवले की ते झपाट्याने उरकते. पण त्याच्या मेमरीतले काही उलट वाचून प्रोसेसरकडे आणायचे म्हटले की रस्ता अरुंद होतो. त्यामुळे खेळाने 'दाखव बघू' म्हटले की हातातली कामे थांबवून चित्राची प्रत करावी लागते, ती खेळाला द्यावी लागते आणि त्याचे झाले की परत न्यावी लागते. सेकंदात अनेकदा असे झाले की तगडे यंत्रही अडखळू लागते.

हे मला नीट कळले ते घरच्या अनुभवावरून. माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. काट्यावर पोते चढले की वजन, दर आणि रक्कम ते तोंडी सांगतात. कागद लागत नाही. तेच वडील बँकेत इंग्रजी अर्ज घेऊन बसले की प्रत्येक रकान्याला थांबतात. मी शेजारी बसून रकाना मराठीत सांगते, ते उत्तर देतात, मी ते इंग्रजीत लिहिते. दहा मिनिटांचे काम तासावर जाते आणि खिडकीमागच्या माणसाला वाटते की हे गृहस्थ मंद आहेत. वास्तविक त्यांच्या हिशेबाचा वेग तोच असतो. वेळ मधला दुभाषा खातो. जुन्या खेळाच्या आणि नव्या यंत्राच्या मध्ये आज असाच दुभाषा बसलेला आहे.

दुसरे कारण घड्याळाचे आहे. प्रत्येक चित्र काढून झाले की खेळ क्षणभर झोपतो आणि 'मला अमुक मिलिसेकंदांनी उठव' असे व्यवस्थापकाला सांगतो. विंडोजचे साधे घड्याळ सेकंदाला ६४ ठोके देते, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक. झोपलेल्याला उठवायचे ते ठोक्यावरच. ज्याला अधिक बारीक घड्याळ हवे त्याने तशी मागणी करायची असते. मे २०२० पूर्वी कोणत्याही एका कार्यक्रमाने ही मागणी केली की घड्याळ सगळ्यांसाठीच बारीक होई; वाड्यात एकाने ओसरीवर दिवा लावला की सगळ्या बिऱ्हाडांना उजेड मिळावा तसे. त्यामुळे स्वतः मागणी न करणारे काही कार्यक्रमही शेजाऱ्याच्या उजेडात काम भागवीत. मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत हा नियम बदलला आणि ज्याने मागितले त्यालाच बारीक घड्याळ मिळू लागले.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एका चित्राला ८ मिलिसेकंद काम आणि १० मिलिसेकंद झोप लागते. बारीक घड्याळ असेल तर एक चित्र १८ मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ चित्रे. जाड घड्याळात १५.६ चा ठोका पडतो तेव्हा झोप पुरी झालेली नसते, म्हणून पुढच्या, म्हणजे ३१.२ च्या ठोक्याची वाट पाहावी लागते. चित्रे उरतात ३२. खेळ तोच, यंत्र तेच. घड्याळ बदलले आणि चाल जवळजवळ निम्म्यावर आली.

तिसरे कारण कामकऱ्यांच्या संख्येचे. पूर्वी दरवर्षी प्रोसेसरचा वेग वाढे. पुढे उष्णता आणि विजेच्या खर्चामुळे ही वाढ खुंटली. इंटेलने २००४ साली ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला, आणि त्यानंतर एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ गाभे बसवण्याकडे सगळ्यांचा कल झाला. जुना खेळ मात्र एकाच गाभ्यावर काम करायला शिकलेला. विहिरीत उतरायला दोर एकच असेल, तर काठावर आठ मजूर उभे करून काय उपयोग? त्यात दुभाष्याचे कामही बहुधा त्याच एका मजुराच्या माथी येते.

चौथी गोष्ट बंद पडलेल्या भाषांची. १९९० च्या दशकात थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू नावाची कार्डे लोकप्रिय होती आणि त्यांची ग्लाइड ही स्वतंत्र भाषा होती. 'डायब्लो २' सारखे खेळ ती भाषा जाणत. डिसेंबर २००० मध्ये त्या कंपनीची प्रमुख मालमत्ता एन्व्हिडियाने विकत घेण्याचे ठरले आणि पुढे ती कंपनीच उरली नाही. आजचे कोणतेही कार्ड ग्लाइड बोलत नाही. काही खेळ तर मंद होण्याच्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत. त्यांची तबकडी चांगली असते, पण तो संगणकावर बसवणारा छोटा कार्यक्रम १६ बिटांचा असतो, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे काहीच चालत नाही. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचेच आहे.

हे सगळे जाणून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग रोकडा आहे. माझ्या मामेभावाचा सायबर कॅफे बंद झाला तेव्हा त्याच्याकडच्या जुन्या सीडी माझ्याकडे आल्या. पुढे घरी एक वापरलेला संगणक घेतला. त्यावर पायदळ-घोडदळ उभे करून राज्य वाढवण्याचा एक जुना खेळ लावला, तर तो रखडू लागला. एका दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले, "कार्ड कमजोर आहे, नवे टाकावे लागेल, साडेचार हजार." साडेचार हजार ही रक्कम आमच्या घरी सहज निघणारी नाही. मी आधी थोडे वाचायचे ठरवले. एक फुकट मिळणारी, काही मेगाबाइटचीही नसलेली फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तोच खेळ त्याच कार्डावर सुरळीत चालू लागला. कार्डाची ताकद पुरेशी होती. कमी होता तो चांगला दुभाषा. 'जुने झाले, आता नवे घ्या' हे उत्तर देणाऱ्याला सोपे असते, घेणाऱ्याला नाही.

अशा फुकट दुभाष्यांची थोडी माहिती देणे येथे योग्य होईल. डीड्रॉकॉम्पॅट आणि सीएनसी-डीड्रॉ हे डायरेक्टड्रॉच्या खेळांसाठी आहेत. ते खेळाला त्याची जुनी मेमरी हाताशीच देतात, त्याला तिथे मनसोक्त लिहू-वाचू देतात, आणि चित्र पुरे झाले की ते एकदम कार्डाकडे पाठवतात. अर्ज घरीच पूर्ण भरून खिडकीवर एकदाच जावे, तसे. डीजीव्हूडू हा ग्लाइड आणि जुन्या डायरेक्टएक्सची भाषा आजच्या कार्डांना समजावतो. डॉसच्या खेळांसाठी २००२ पासून डॉसबॉक्स आहे. त्यात सगळे जुने यंत्रच नव्या यंत्राच्या पोटात उभे केले जाते आणि त्याचा वेगही आपल्याला कमी-जास्त करता येतो. लिनक्सवर विंडोजचे कार्यक्रम चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, आणि काही जुने खेळ नव्या विंडोजपेक्षा त्यात बरे चालतात. विंडोजमध्येही खेळाच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' हे पान उघडले, तर जुनी आवृत्ती आणि कमी रंग निवडण्याची सोय आहे. ती आधी करून पाहावी. यांपैकी बहुतेक कामे हौशी मंडळींनी आपला वेळ खर्चून केलेली आहेत.

कंपन्यांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. 'स्टारक्राफ्ट' २०१७ साली दुरुस्त करून फुकट देण्यात आला आणि त्याची नवी आवृत्तीही निघाली. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची नवी आवृत्ती २०१९ साली आली. पण हे भाग्य गाजलेल्यांचे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. याउलट 'डूम' या १९९३ च्या खेळाचे पाहा. त्याच्या कर्त्यांनी १९९७ साली त्याच्या मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुल्या केल्या. तेव्हापासून ज्याला जे नवे यंत्र मिळाले त्याने त्यावर 'डूम' बसवून पाहिला. मूळ लिखाण हाती असले की दुभाष्याची गरजच राहत नाही. खेळालाच नवी भाषा शिकवता येते.

येथे मला आपल्या मोडी कागदपत्रांची आठवण होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद आहेत. शाई शाबूत आहे, कागद शाबूत आहे. वाचणारे कमी झाले आहेत. वस्तू जपली आणि ती वाचण्याची विद्या गेली, तर ते जपणे अर्धेच राहते. ही अडचण खेळांपुरतीही नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आज उघडला तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उभी राहते, हा अनुभव आपल्या प्राध्यापकांपैकी अनेकांना असेल. कोणी म्हणेल, मोडी पत्र कुठे आणि पोरांचा खेळ कुठे! पण एका पिढीने आपल्या संध्याकाळी ज्यात घालवल्या, ज्यातील चित्रे, संगीत आणि गोष्टी माणसांनी रात्री जागून रचल्या, त्याला कलेच्या विद्यार्थ्याने तरी हलके समजू नये असे मला वाटते. लोकनाट्यालाही एके काळी असेच बाजूला बसवले होते.

म्हणून एक विनंती करून थांबते. घरी किंवा एखाद्या बंद पडलेल्या संगणक वर्गाच्या कपाटात जुन्या खेळांच्या सीडी असतील, तर त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांची एक प्रत करून ठेवावी. सोबत एका चिठ्ठीवर लिहावे, की हा खेळ विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर चाले, किती रंगांत चाले, कोणते कार्ड लागे. तबकडी पुढे कोणीतरी वाचील. पण तिने काय गृहीत धरले होते हे सांगणारी ती चिठ्ठीच असेल.